एसी उतरवला, झरोका बसवला

आमच्या कॅम्पर व्हॅनच्या छतावर ती बांधली तेव्हापासून एसी होता. गेल्या हिवाळ्यात तो कायमचा उतरवला आणि त्याच्याच चौकोनी भोकात बारा व्होल्टवर चालणारा, पंखा असलेला रूफ व्हेंट, म्हणजे साध्या शब्दांत यांत्रिक झरोका, बसवला. त्यानंतर उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहून झाले आहेत. कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्या किंवा वरचेवर इकडे गाडी घेऊन उतरणाऱ्या माणसाने हा बदल जरूर करावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मात्र हे काम एक यंत्र काढून दुसरे लावण्याइतके सरळ नाही. पंखा कोणता घेतला यापेक्षा त्याच्या भोवतालची चार बोटे रुंदीची पट्टी कशी बसवली आणि गाडीत खालच्या अंगाला एखादी खिडकी उघडते की नाही, यावर त्याचे यश अधिक ठरते. म्हणून केलेले सगळे कारणांसह लिहून ठेवतो.

गाडी टेम्पो ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधलेली आहे. लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून फोम आणि प्लायवूड, अशी तिच्या छताची रचना आहे. वर्षातला तिचा पुष्कळसा काळ गुहागर तालुक्यातल्या आमच्या घराच्या खळ्यात जातो आणि उरलेल्या काळात ती वेळणेश्वर, जयगड, गणपतीपुळे, देवगड, मालवण अशी किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडते. म्हणजे खारी हवा तिला बारा महिने चुकत नाही. एसीचा बळी प्रथम त्या हवेने घेतला. कंडेन्सरची, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाची, पाती अतिशय पातळ ॲल्युमिनियमची असतात आणि त्यांच्यातून तांब्याच्या नळ्या गेलेल्या असतात. हवेतले मीठ त्या पात्यांवर बसते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतले पाणी ओढून घेऊन विरघळते, आणि आपल्या किनाऱ्यावर रात्री आर्द्रता बहुतेक वेळा त्याहून जास्तच असते. त्यामुळे पाती कधी पुरती वाळतच नाहीत. दोन वेगवेगळे धातू आणि त्यांच्यामध्ये खारे पाणी असे जुळले की ॲल्युमिनियम झिजू लागते. आमच्या एसीची पाती बोट लावताच भुगा होऊन पडत होती. गारवा कमी झाला होता आणि यंत्र पूर्वीपेक्षा जास्त वेळ चालत होते. नवा एसी घेतला असता तरी त्याचे भवितव्य याहून निराळे नव्हते.

पण एसी बिघडला एवढ्यावरच हा निर्णय झाला नाही. १३,५०० बीटीयूचा, म्हणजे सुमारे १.१ टनाचा छतावरचा एसी चालताना १,३०० ते १,५०० वॅट खातो, आणि कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका त्याहून कितीतरी मोठा असतो. १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात साधारण २,५६० वॅट-तास असतात. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारा भाग वजा केला तर एसी दीड-पावणेदोन तास चालतो आणि बॅटरी संपते. म्हणजे एसी हवा असेल तर एक तर जनरेटर पाहिजे किंवा कुणाच्या तरी घरातून वायर ओढली पाहिजे. वाडीतल्या शांततेत रात्रभर जनरेटर लावणे मला शेजारधर्माला सोडून वाटते. घरगुती होमस्टेच्या पडवीतल्या सॉकेटवर एवढा भार टाकायचा, आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी व्होल्टेज उतरलेले असताना टाकायचा, हेही योग्य नाही. याउलट, चौदा इंची भोकात बसणारा, पंख्याचा चांगला रूफ व्हेंट पूर्ण वेगात सुमारे ५ अँपिअर घेतो आणि मध्यम वेगात दोनच्या आसपास. मध्यम वेगात रात्रीचे दहा तास चालवला तर २० अँपिअर-तास, म्हणजे त्याच बॅटरीचा दहावा हिस्सा, आणि तेवढी वीज छतावरचे सौर पॅनेल सकाळच्या उन्हातच परत देते.

आता हवेविषयी. नागपूरला मे महिन्यात बाहेरची हवा ४४–४५ अंशांची असताना तीच हवा गाडीत ओढून काहीही साधणार नाही. तिथे एसीच लागेल. किनाऱ्यावरचे गणित वेगळे आहे. रत्नागिरीसारख्या ठिकाणी मे महिन्यातले कमाल तापमान साधारण ३३ अंशांच्या आसपास असते. आपला खरा त्रास तापमानाचा नाही, तो घामाचा आहे. हवा दमट असल्यामुळे घाम सुकत नाही, आणि तो सुकावा यासाठी अंगावरून हवा वाहती राहणे हाच उपाय आहे. बंद गाडीचे त्याहून वाईट असते. आपल्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. गाडीची उभी बाजू त्या वेळी तापत नाही, छत तापते. छताला लागून असलेली हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गरम होते, आणि ती वरच अडकून राहते. ती तिथून बाहेर काढली तर गाडी निदान बाहेरच्या सावलीइतकी होते, आणि किनाऱ्यावरची सावली सोसवते. जुन्या कौलारू घरात नळ्याच्या कौलांच्या फटींतून हेच होत असते: तापलेली हवा वरून निघून जाते आणि तिच्या जागी पडवीतली हवा माजघरात येते. बंद पत्र्याच्या गाडीला ती फट आपणच करून द्यावी लागते.

छतात नवे भोक पाडावे लागले नाही, ही या कामातली मोठी सोय होती. छतावरचे बहुतेक एसी आणि बहुतेक रूफ व्हेंट यांचे माप एकच असते: चौदा इंच बाय चौदा इंच, म्हणजे सुमारे ३५६ मिलिमीटर. युरोपीय पद्धतीच्या काही झरोक्यांना ४०० मिलिमीटरचे भोक लागते, म्हणून मागवण्यापूर्वी आतली जाळी काढून स्वतः टेपने मोजावे. छताची जाडीही मोजावी, कारण आतून लागणारी प्लास्टिकची चौकट त्या जाडीप्रमाणे कापावी लागते.

एसी उतरवणे त्यामानाने सोपे निघाले. बाहेरून येणारी वीज तोडली, इन्व्हर्टर बंद केला आणि टेस्टरने तारा मृत असल्याची खात्री केली. मग आतली हवा सोडणारी पेटी काढली. तिच्यावर चार लांब बोल्ट दिसतात. छतावरचे सगळे धूड त्या चार बोल्टांनी आणि खालच्या फोमच्या गॅस्केटने, म्हणजे फटीत दाबून बसणाऱ्या पट्टीने, धरलेले असते. या प्रकारच्या एसीत गॅसची सगळी यंत्रणा वरच्या एकाच पेटीत बंद असते, त्यामुळे गॅस काढावा लागत नाही. इंजिनवर चालणाऱ्या एसीचे तसे नसते, तिथे नळ्या सोडायला जाणता मेकॅनिकच हवा. वजन मात्र ४० किलोच्या घरात असते. दोघांनी शिडीवर आणि एकाने छताच्या कडेला बसून ते सरळ वर उचलले. पत्र्यावरून ओढायचे नाही, कारण तळाच्या कडा पत्र्यावर खोल ओरखडे काढतात.

खरे काम त्यानंतर सुरू झाले. गॅस्केट निघाल्यावर भोकाभोवती काळपट ओलसर रिंगण दिसले आणि पत्रा मधोमध सुमारे एक सेंटिमीटर खचलेला आढळला. एवढे वजन छताच्या मध्यावर वर्षानुवर्षे राहिले, शिवाय आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांचे हादरे, की असे होणारच. खचलेल्या जागी पाणी साठते. कोकणात त्यात आणखी एक भर पडते: दमट हवेतून एसी सतत पाणी काढतो आणि ते पाणी त्याच्याच पायाशी छतावर सोडतो, म्हणजे पाऊस नसला तरी ती जागा ओलीच. गॅस्केट दबून कडक झाल्यावर ते पाणी हळूहळू आत मुरले होते आणि भोकाच्या मागच्या कडेचा लोखंडी पाइप गंजला होता. प्लायवूडच्या मागे असल्यामुळे हे आतून कधीच दिसले नसते.

आमच्या वाडीतले सुतारकाका मदतीला होते. त्यांचा जन्म घरांची छपरे करण्यात गेला आहे. मी नवीन व्हेंटची चौकट भोकावर ठेवून पाहत होतो, तेव्हा त्यांनी हात धरून थांबवले आणि पत्र्यावर तांब्याभर पाणी ओतले. पाणी चौकटीभोवती जमून राहिले. “भाऊ, हे पाणी इथे थांबतंय बघा. आधी त्याला वाट काढू, मग तुमचा फॅन बसवू,” ते म्हणाले. मी म्हटले, “काका, सीलंट चांगले आहे, आत जाणार नाही.” त्यावर त्यांनी एवढेच विचारले, “आणि सीलंट म्हातारं झालं की?” मला ते पूर्ण पटले. या विषयावरच्या बहुतेक चर्चा कोणता सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, लावावा याभोवती फिरतात. पाणी तिथे थांबूच नये ही व्यवस्था त्याच्या आधीची आहे.

म्हणून गंजलेला पाइप तारेच्या ब्रशने घासून त्याचा कुजका भाग कापला, शेजारी नवा तुकडा जोडला, उरलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्लाचे गंजरोधक लावले आणि वर इपॉक्सी प्रायमर व रंग दिला. भोकाच्या पुढे आणि मागे आतून एकेक आडवा पाइप घालून खचलेला पत्रा वर उचलला. भोकाच्या चारही कडांना सागाची चौकट बसवली, तिलाही इपॉक्सी पाजली. प्लायवूड इथे वापरू नये, कारण एकदा ओल शिरली की त्याचे थर सुटतात आणि स्क्रूची पकड जाते. सर्वांत वर, पत्र्याच्या बाहेरून, ॲल्युमिनियमच्या पट्टीची उंबरठ्यासारखी चौकट केली, जिच्यामुळे व्हेंटची कड छताच्या पातळीपेक्षा बोटभर उंच आली. आता छतावर पडलेले पाणी त्या चौकटीला वळसा घालून दोन्ही बाजूंना निघून जाते.

सीलंटचे दोन थर दिले आणि दोघांची कामे वेगळी आहेत. व्हेंटच्या कडेखाली ब्यूटिलची, म्हणजे चिकट रबरी, टेप येते. ती कधीच कडक होत नाही, त्यामुळे पत्रा उन्हाने फुगला-आकसला तरी तिच्यात भेग पडत नाही. कडेवरून आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून पॉलियुरेथेन सीलंटचा थर येतो, जो टेपला ऊन-पावसापासून झाकतो. हा सीलंट हवेतल्या बाष्पानेच पक्का होतो, त्यामुळे कोकणातला दमटपणा त्याला आड येत नाही. पृष्ठभाग मात्र कोरडाच हवा. हिवाळ्यात सकाळी छत दवाने ओले असते, म्हणून ऊन चांगले वर आल्यावर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा पुसूनच काम सुरू करावे. सिलिकॉन छतावर वापरू नये असे मी आग्रहाने सांगेन. ते एकदा लागले की त्याच्या उरलेल्या अंशावर दुसरा सीलंट किंवा रंग धरत नाही, आणि व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडते, जे धातूला खाते. गाडीवर आधीच्या कोणी लावलेले सिलिकॉन खरवडून काढण्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला.

स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घेतले. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ३०४ प्रतीत मॉलिब्डेनम नसते आणि खाऱ्या हवेत त्यावर तांबूस डाग व बारीक खड्डे पडू लागतात. ३१६ साध्या हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळत नाहीत. मिरकरवाडा किंवा हर्णै यांसारख्या मासेमारीच्या बंदरांकडे बोटींचे सामान मिळते, तिथे विचारावे. प्रत्येक स्क्रू सीलंटमध्ये बुडवून लावला, म्हणजे स्टील आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये थर राहतो. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत गेलो आणि दुसऱ्या दिवशी, उन्हाने टेप मऊ होऊन दबल्यावर, पुन्हा एकदा आवळले. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आले तेव्हा पत्रे कसे उडाले हे इकडच्या प्रत्येकाने पाहिले आहे. छतावर बसवलेली कोणतीही वस्तू वाऱ्याला किती तोंड देईल, हा विचार त्यानंतर मनातून जात नाही. वादळाचा इशारा असेल तेव्हा झाकण बंद करून आतून कडी लावणे हे आता आमच्याकडे ठरलेले काम आहे.

विजेचे काम थोडक्यात सांगण्यासारखे आहे. एसीची जुनी २३० व्होल्टची वायर वितरण पेटीपासूनच काढून टाकली. टोके टेपने गुंडाळून छतात सोडून देणे मला धोक्याचे वाटते. व्हेंटसाठी बॅटरीकडून वेगळी १२ व्होल्टची जोडी आणली आणि तिच्यावर ७.५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या जवळ लावला. कमी व्होल्टेजवर तारेची जाडी महत्त्वाची ठरते. बॅटरी पंख्यापासून सहा मीटर अंतरावर असेल तर जाऊन-येऊन तार बारा मीटर होते, २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत ५ अँपिअरला सुमारे ०.४ व्होल्ट वाटेतच जातात, आणि ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे पाव व्होल्ट. आम्ही जाड तार घेतली, तीही कल्हई केलेली, कारण उघडे तांबे खाऱ्या हवेत टोकांना हिरवे पडते आणि सांधा गरम होऊ लागतो.

आता वापराविषयी, कारण पुष्कळ लोक पंखा बसवून निराश होतात ते वापरामुळे. पूर्ण वेगातला चांगला पंखा मिनिटाला ९०० घनफूट, म्हणजे सुमारे २५ घनमीटर हवा फेकू शकतो. आमच्या गाडीच्या आतली पोकळी साधारण १३ घनमीटर आहे. कागदावर अर्ध्या मिनिटात सगळी हवा बदलायला हवी. पण जेवढी हवा बाहेर जाईल तेवढीच आत येणार, आणि ती यायला पुरेशी जागा नसेल तर पंखा नुसता आवाज करतो. म्हणून खिडकी उघडावी, पण कोणती, हे नेमके ठरवावे. झरोक्याला लागून असलेली खिडकी उघडली तर हवा तिथून आत येऊन लगेच वर निघून जाते आणि बिछान्यापाशी काहीच पोहोचत नाही. बाकीच्या सगळ्या बंद करून केवळ पायथ्याची, सावलीच्या बाजूची, बिछान्याच्या पातळीवरची खिडकी उघडली की तीच हवा अंगावरून वाहत जाते. दुपारी खारे वारे असतात तेव्हा समुद्राकडची खिडकी उघडावी. रात्री उशिरा मतलई वारे सुरू झाले की जमिनीकडची. या दोहोंच्या मध्ये, सूर्यास्तानंतर, वारा पडतो आणि पान हलत नाही. पंख्याची खरी गरज याच वेळी लागते आणि तेव्हा तो मोठ्या वेगात लावावा.

गाडी कुठे उभी करावी, याचाही विचार बदलतो. एसी असताना सॉकेट कुठे आहे हे पाहिले जाई, आता वारा पाहिला जातो. उघड्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, वारा भरपूर असतो पण दिवसभर ऊन. वाडीत आंब्या-फणसाखाली सावली असते पण वारा गडग्यांनी, म्हणजे दगडी कुंपणांनी, अडलेला. दिवसा वाडी आणि रात्री सडा हे आम्हाला मानवले आहे. पुळणीच्या, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या, अगदी जवळ रात्र काढली की जाळीवर मिठाचा थर बसतो. माडाखाली मात्र कधीही उभे राहू नये. झरोक्याचे झाकण प्लास्टिकचे असते आणि नारळ पडला तर ते राहणार नाही. गाडीची उंची कमी झाल्याचा फायदा मी आधी फारसा धरला नव्हता, पण तो रोज जाणवतो: एसी छतापासून सुमारे ३० सेंटिमीटर वर येत होता, बंद झरोका साधारण १२ सेंटिमीटर येतो. गावांतल्या अरुंद रस्त्यांवर झुकलेल्या फांद्या आणि लोंबणाऱ्या केबल यांच्याखालून जाताना हा फरक मोठा आहे. कुंभार्ली किंवा आंबा घाटातल्या वळणांवरही माथ्यावरचे तीसेक किलो कमी झाल्याचे चालवणाऱ्याला कळते.

स्वयंपाकाच्या वेळी झरोका फार उपयोगी पडतो. बांगडे तळताना पंखा बाहेरच्या दिशेने लावला की वास गादीत राहत नाही. इथे सुरक्षिततेच्या दोन गोष्टी निक्षून सांगतो. पहिली अशी की स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर खाली, तळाशी साठतो. छतावरचा पंखा त्याला बाहेर काढील या भरवशावर राहू नये. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे भोक हवेच. दुसरी अशी की सगळ्या खिडक्या बंद ठेवून पंखा बाहेर फेकायला लावू नये. आत हवेचा दाब कमी होतो आणि मिळेल त्या फटीतून हवा ओढली जाते, त्यात शेगडीचा किंवा बाहेर चालू असलेल्या इंजिनाचा धूरही आत येऊ शकतो.

पावसाळ्याची परीक्षा वेगळी. साधे वर उघडणारे झाकण असलेला व्हेंट पावसात बंदच करावा लागतो, आणि कोकणात चार महिने बंद राहणारा झरोका कशासाठी बसवायचा? म्हणून वरून टोप असलेला, पाऊस चालू असतानाही उघडा ठेवता येणारा प्रकार घेतला. टोपाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असते. नैर्ऋत्येकडून येणारा आडवा पाऊस असेल तेव्हा गाडीचे नाक त्या दिशेला करून उभी केली की आत थेंब येत नाही. उलटी उभी केली तर येतात. सीलंट पक्के झाल्यावर आणि पहिला पाऊस येण्यापूर्वी आम्ही नळीने छतावर बराच वेळ पाणी सोडून पाहिले, गाडी चढावर आणि उतारावर अशा दोन्ही तऱ्हांनी उभी करून, कारण सपाट जागी न दिसणारी गळती उतारावर दिसते.

मात्र पावसाळ्यात एसीची एक गोष्ट झरोका करू शकत नाही, ती म्हणजे हवा कोरडी करणे. जुलैत बाहेरचीच हवा नव्वद टक्के दमट असते. ती आत घेऊन ओल कमी होणार नाही. आत झोपलेल्या माणसांच्या श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ बाहेर जाते, काचांवर पाणी धरत नाही, एवढा लाभ होतो. गादी आणि कपाटे यांना बुरशी लागू नये म्हणून उघडीप मिळाली की पंखा पूर्ण वेगात चालवतो, आणि गाडी खळ्यात उभी असते तेव्हा घराच्या विजेवर छोटे आर्द्रताशोषक यंत्र लावतो. त्याचप्रमाणे मेअखेरच्या आणि ऑक्टोबरच्या काही रात्री अशा असतात की वारा नाही, आभाळ कुंद, आणि जीव गदमदतो. झरोका बाहेरच्या हवेपेक्षा गार हवा देऊ शकत नाही. अशा रात्री बिछान्यापाशी आणखी एक छोटा बारा व्होल्टचा पंखा लागतो. ज्यांच्या गाडीत तान्हे मूल, वृद्ध किंवा आजारी माणूस नेहमी असते, किंवा ज्यांचा मुख्य प्रवास देशावर आणि विदर्भात होतो, त्यांनी एसी ठेवावा. माझे म्हणणे किनाऱ्यापुरते आहे.

उतरवलेल्या एसीचे काय करावे, हा प्रश्न हलका नाही. भंगारवाल्याकडे दिला तर तांब्यासाठी नळ्या कापल्या जातात आणि आतला वायू हवेत जातो. तो वायू पृथ्वीचे तापमान वाढवणारा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये एअर कंडिशनरचा समावेश आहे, म्हणून तो अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यावा. जिल्ह्याच्या ठिकाणी तो नेऊन पोहोचवण्याचे कष्ट पडतात, ते घ्यावेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, तेव्हा आपल्या गाडीच्या कागदांत काय लिहिले आहे ते पाहून परिवहन कार्यालयात आधी विचारून घेणे बरे.

देखभाल फारशी नाही, पण ती टाळू नये. जाळी काढून गोड्या पाण्याने धुवावी, पात्यांवरचे मीठ ओल्या फडक्याने पुसावे, आणि दर वर्षी मे महिन्यात छतावर चढून सीलंटच्या कडांवरून बोट फिरवून पाहावे. कुठे कड उचललेली दिसली तर तेवढा तुकडा कापून नवा भरावा. झाकण दिवसा उजेड देते तसेच उन्हाळ्यात तापही देते, त्यासाठी भोकाच्या मापाची फोमची उशी शिवून घेतली आहे.

एसी गेल्यामुळे छतावर जवळपास एक मीटर लांबीची मोकळी जागा झाली आहे आणि तिथे आणखी एक सौर पॅनेल बसवण्याचे काम आता हाती घेतले आहे. त्यात झरोक्याच्या सावलीचा हिशेब धरावा लागतो, कारण पॅनेलच्या छोट्या भागावर सावली पडली तरी त्याची वीज पुष्कळ घटते. उघड्या झाकणाची उंची सुमारे २५ सेंटिमीटर आहे. डिसेंबरात माध्यान्ही सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून पन्नासेक अंशांवर असतो, म्हणजे सावली वीसेक सेंटिमीटर पडते, आणि सकाळ-संध्याकाळ ती याहून पुष्कळ लांबते. गाडी कोणत्या दिशेला उभी राहील ते आधी सांगता येत नाही. म्हणून पॅनेल आणि झरोका यांच्यामध्ये निदान ४० सेंटिमीटर अंतर सोडायचे असे सुतारकाकांशी बोलून ठरवले आहे.